माझ्यासाठी एक बैल थांबव

आंबेझरी मिशन, ता. केळापूर
९ डिसेंबर १९६२

प्रिय हंसा,

प्रभूच्या नावाने सलाम.

आपली याडी गेली. मागच्या रविवारी, दोन तारखेला, उपासनेची पहिली घंटा होत असताना. तीन आठवडे ताप होता. मिशनच्या दवाखान्यात मडमबाईंनी शक्य ते सगळं केलं. माती त्याच दिवशी दुपारी दिली. तुला तार केली होती, पण लढाईच्या दिवसांत तारा वेळेवर पोचत नाहीत म्हणे. मिळाली नसेल तर माझा इलाज नव्हता.

मातीला आंबेझरीची सगळी मंडळी होती, तांड्यावरचे नायकही आले होते. उकंडाजी पाळकांनी वचन वाचलं. पुस्तकातली तीन गीतं झाली, पेटी मी वाजवली. सगळं व्यवस्थित पार पडलं.

चौदा एप्रिलला ईस्टर आहे. त्या सकाळी कबरेवर दगडी क्रूस बसवायचं मंडळीनं ठरवलं आहे. आईच्या क्रूसाचं मुलीला कळवावं अशी रीत आहे म्हणून कळवतो. जावई देवसिंगरावांना रजा मिळत असेल तर यावं, नसेल तर आग्रह नाही. सहा वर्षं होत आली, तू ना आलीस ना दोन ओळी पाठवल्यास, तेव्हा मी तरी कोणत्या तोंडानं आग्रह करू?

कळावे.

तुझा भाऊ,
एस. के. राठोड (शिक्षक)

---

आंबेझरी
६ जानेवारी १९६३

प्रिय हंसा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी कार्ड, आणि त्यावर दोनच ओळी: ‘शेवटी काय झालं? माझं नाव काढलं का?’ आदिलाबादला राहून तू शब्द मोजून वापरायला शिकलीस. मी मास्तर आहे, मला ते जमत नाही.

काढलं. तुझं नाव काढलं. एवढं पुरे ना?

दुखण्याचं सांगतो. दिवाळीनंतर ती कापूस वेचायला गेली होती. मी नको म्हटलं होतं. मास्तराच्या आईनं लोकांच्या वावरात जावं हे मला बरं दिसत नव्हतं, हे तुला सांगायला नकोच. ती म्हणाली, “बसून बसून माह्या हाताले मुंग्या येऊन राह्यल्या, खेमा.” वावरातून आली ती अंगात कणकण घेऊनच. आठ दिवस मला सांगितलंच नाही. ताप चढला तेव्हा तुझी वहिनी तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी शाळेत परीक्षेच्या कामात होतो.

दवाखान्यात तिला व्हरांड्याच्या कडेची खाट दिली होती. तिथून देऊळ दिसायचं. (पुन्हा ‘देऊळ’ लिहून गेलो. चर्च. तिच्या तोंडी देऊळच होतं, तेच माझ्याही हातात येतं.) येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ती बोलवायची, चहा घेतला का विचारायची. तापात माणूस बरळतं, ही तापात लोकांची विचारपूस करायची. मडमबाई म्हणाल्या, हिच्या खाटेपाशी मला डॉक्टर असल्यासारखं वाटत नाही, पाहुणी असल्यासारखं वाटतं.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. तुला मुलगी झाली ते आम्हाला देवसिंगरावांच्या चुलतभावाकडून, पांढरकवड्याच्या बाजारात कळलं. याडी तिथे भाजी घेत होती. पिशवी तिथेच ठेवून ती खाली बसली. लोकांना वाटलं काही वाईट खबर आली. तिनं मला विचारलं, “मले काहून नाही कळवलं तिनं?” मी म्हटलं, विसरली असेल. ती म्हणाली, “लेक व्हयलेलं कोणी इसरते का रे?”

तुला हे लिहून मी तुझ्यावर ठपका ठेवतो आहे असं तुला वाटेल. ठेवतोच आहे.

क्रूसाचा दगड सांगितला आहे. येणार असशील तर कळव.

तुझा,
खेमसिंग

---

आंबेझरी
३ फेब्रुवारी १९६३

प्रिय हंसा,

या वेळी तुझ्या कार्डावर पाच ओळी होत्या. मी त्या इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्या. ‘मला तिचं दुखणं नको. ती कशी होती ते सांग. जमनी चार वर्षांची झाली, आजी कशी होती विचारते. माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. लग्नात माझ्या तोंडावर ठेवलेला तिचा हात तेवढा उरला आहे.’

तुझ्या मुलीचं नाव जमनी आहे हेही मला आजच कळलं.

तर जमनीसाठी लिहितो. जमनी, तुझी आजी रुपीबाई. तिचा नवरा लखीराम, म्हणजे तुझा आजा, मीठ आणि धान्य बैलांवर लादून फिरणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतला. पुढे मोटारी आल्या, बैल गेले, आणि आपल्या तांड्यानं आंबेझरीच्या माळावर खोपटी घातली. आजा साप चावून गेला. तुझी आई तेव्हा अंगावर पीत होती आणि मी सहा वर्षांचा. त्याच पावसाळ्यात मला हगवण लागली. आजीनं मला पाठीशी आणि तुझ्या आईला पोटाशी बांधलं, आणि नाल्याचं पाणी ओसरायची वाट न बघता मिशनच्या दवाखान्यात आणलं. नाल्यात पाणी किती होतं विचारलं की ती म्हणायची, “तुही माय कोरडी राह्यली, एवढंच होतं.”

मी वाचलो. ती दवाखान्यात झाडू-फरशी करायला राहिली. रविवारी सगळे देवळात जात म्हणून तीही जायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. पुस्तक वाचता येत नव्हतं. तरी दुसऱ्यांदा ऐकलेलं गीत तिला पाठ असे, आणि तिसऱ्यांदा ती ते पुढच्या रांगेला शिकवायला निघे. उकंडाजी तेव्हा तरुण उपदेशक होते. एकदा त्यांनी विचारलं, “रुपीबाई, तुमच्या बोलीत देवाचं गाणं नाही का?” ती म्हणाली, “नाही. पन करता येईन.”

पुढच्या रविवारी तिनं ते म्हटलं. हंसा, तुला ते येतं. जमनीसाठी गोरबोलीतलं मराठीत मांडतो, जमेल तसं. येसू, तू माझा नायक. तुझा तांडा पुढे गेला, धूळसुद्धा खाली बसली. मी मागे राहिले, पदरात दोन लेकरं. माझ्यासाठी एक बैल थांबव. चाल ढावल्याची. लग्नात आपली नवरी आईच्या, काकीच्या, भावाच्या, एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते तो ढावलो. सासरी निघालेल्या पोरीची चाल देवाला लावलेली पाहून पुढच्या रांगेतल्या शहरी बाया दचकल्या. मग रडायला लागल्या. तिला विचारलं, ही चाल का? ती म्हणाली, “ज्याच्यापासून लांब राह्यते मानूस, त्याच्यासाठी आमच्यात हेच चाल हाये. दुसरी नाही.”

त्यानंतर नाताळ असो, माती असो, पावसाची प्रार्थना असो, रुपीबाईचं गाणं झाल्याशिवाय आंबेझरीत काही झालं नाही. यवतमाळहून मिशनचे मोठे साहेब यायचे तेव्हा बूट काढून खाली तिच्या रांगेजवळ बसायचे. तिला त्याचा गर्व नव्हता असं नाही. होता. शनिवारी डोकं धुऊन केसांना तेल लावायची, आणि रविवारी जरा हळू चालायची, लोकांना दिसावं म्हणून.

मी बोर्डिंगात पेटी शिकून आलो, आणि चौपन्न साली मला देवळातल्या पेटीवर बसवलं. तिचा आवाज माझ्या पेटीत कधी बसला नाही. दोन पट्ट्यांच्या मधून कुठून तरी जायचा. मी म्हणायचो, “याडी, काळी दोन धरून गा न.” ती म्हणायची, “तुह्या पेटीत जागा कमी हाये, मी काय करू?” लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. तरी ती एक तास आधी येऊन माझ्याबरोबर सूर जुळवायला बसायची. तेवढं एक काम तिला आयुष्यात जमलं नाही.

जमनीला एवढं सांग. आणखी आहे, पण कागद संपत आला.

तुझा भिया,
खेमा

---

आंबेझरी
१० मार्च १९६३

हंसा,

कागद संपला नव्हता. एका पानावर मी एवढंसं लिहिलं होतं, मागची बाजू कोरी होती. तुला ते दिसलंच असेल. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू लिहितेस: ‘ते गाणं तिनं नंतर म्हटलं का? तिनं माझ्या तोंडावर हात का ठेवला? तुला माहीत आहे. सांगायचं नसेल तर क्रूस तुझा तू बसव. मी येत नाही.’

सांगतो. हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तीन कागदांत मी वाक्यं सुधारत बसलो.

आधी बारकी गोष्ट. तार मी केलीच नव्हती. पांढरकवड्याला माणूस जात होता, मी त्याला काही सांगितलं नाही. तू आली असतीस तर मातीच्या वेळी तिच्यासाठी रडून गायली असतीस, आणि कोणीतरी मला विचारलं असतं. चोराच्या मनात चांदणं.

आता मोठी.

तुझं लग्न सत्तावीस एप्रिल सत्तावन्नला झालं. त्याआधी महिनाभर रोज दिवस कलला की तांड्यातल्या बाया आपल्या अंगणात जमायच्या आणि तुला ढावलो शिकवायच्या. याडी मधे बसून चुका काढायची. “असं नाही व, इथं श्वास तोडाचा.” नायकांनी पांढरा बैल द्यायचं कबूल केलं होतं. शेवटी त्याच्या पाठीवर उभी राहून, दोन्ही हात वर करून तू तांड्याचा निरोप घेणार होतीस. याडीनं त्याच्या शिंगांना चार दिवस तेल चोळलं. देवळात लग्न, मग अंगणात ढावलो, असं तिचं आणि उकंडाजींचं ठरलं होतं. कोणाची काही हरकत नव्हती. हे नीट वाच. कोणाचीही नव्हती.

लग्नाच्या दोन दिवस आधी मला यवतमाळहून चिठ्ठी आली की तुझ्या वहिनीच्या घरचे लोक लग्नाला येतात. तेव्हा ती वहिनी नव्हती, तिच्याशी माझ्या सोयरिकीचं बोलणं नुकतं सुरू झालं होतं. ती माणसं तीन पिढ्यांची ख्रिस्ती, घरात टेबल-खुर्ची, बायका काठाच्या पांढऱ्या साड्या नेसणाऱ्या. मी ती चिठ्ठी हातात धरली, आणि मला आपलं अंगण त्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. बैलावर चढलेली बहीण. आरशांच्या घागऱ्यांत, फेट्या-कांचळीत नटलेल्या बाया गळ्यात पडून हेल काढत आहेत, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा.

याडी गोठ्यात बैलाला पाणी दाखवत होती. मी म्हटलं, “याडी, सायबाचा निरोप हाये. ढावलो म्हणजे देवीचं गाणं. जे बाई म्हणीन तिले प्रभुभोजनाले बसता येणार नाही.”

साहेब त्या महिन्यात आंबेझरीला आलेही नव्हते.

ती म्हणाली, “सायबानं सोता म्हटलं?”

“व्हय.”

बैल पाणी पीत होता, ती त्याच्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “मंग माहं गाणं? येसूचं? ते बी त्याच चालीचं हाये.”

इथे मला थांबता आलं असतं. ते गाणं तरी वाचवता आलं असतं. पण एक खोटं टिकवायला दुसरं लागतं. मी म्हटलं, “ते बी नोको म्हणू.”

“बरं,” ती म्हणाली. “तू शिकला-सवरला. तुले माहीत.”

तिनं साहेबांना विचारलं नाही. उकंडाजींना विचारलं नाही. पोरानं सांगितलं तिथे विषय संपला. तुला सांगायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं, कारण तुझ्यासमोर तिच्यानं ते बोलवलं नसतं. आणि मी येऊन तुला काय सांगितलं? आठवतं ना? “याडीलेच नोको हाये. तिले आता तांड्याचं काही आवडत नाही.” मी अंगणातून निघून गेलो. बैल परत करायलाही मीच गेलो.

लग्नाच्या दिवशी तिनं माझ्यासाठी पांढरी साडी नेसली, जन्मात पहिल्यांदा. पाय बांधल्यासारखी चालत होती. पाहुणे व्हरांड्यात खुर्च्यांवर होते. निघायच्या वेळी तू तिच्या गळ्यात पडलीस आणि पहिला हेल काढलास. तिनं तुझ्या तोंडावर हात ठेवला आणि एक पाऊल मागे सरली. ते सगळ्यांनी पाहिलं. तिचा दुसरा हात फक्त मी पाहिला, मागून. त्या हातानं तिनं व्हरांड्याचा खांब धरला होता, आणि तुझी मोटार नाल्यापलीकडे जाईपर्यंत सोडला नाही.

तुला वाटलं, पोटच्या पोरीला तिनं विकलेल्या जनावरासारखं मुकाट्यानं घालवलं. तिला वाटलं, तू देवाच्या नियमावर रागावलीस आणि एक दिवस समजून घेशील. मी दोघींच्या मधे उभा होतो, दोन्ही बाजूंनी दार लावून.

पुढे तिनं देवळात पुस्तकातली गीतं म्हटली, माझ्या पेटीला धरून. आयुष्यात जमलं नाही असं मी लिहिलं तेही खोटं, शेवटी तिला काळी दोनही जमली. हंसा, तो आवाज तिचा नव्हता. साहेबांनी नाताळला मला विचारलं, “तुझी आई तिचं गाणं का म्हणत नाही? आम्ही वाट पाहतो.” मी म्हटलं, घसा धरला आहे. प्रत्येक नाताळला त्यांनी विचारलं, प्रत्येक नाताळला मी घसा सांगितला. दोनदा त्यांनी तिच्यासाठी खोकल्याचं औषध पाठवलं.

आता शेवटचं. यासाठी हा कागद तीनदा फाडला.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी खाटेपाशी बसलो होतो. ती म्हणाली, “खेमा, मी पाप केलं.” मी म्हटलं, तू कसलं पाप करणार? ती म्हणाली, “हंसाच्या लगनाचा दिवस आला का मी वावरात जात गेली. कोणी नसे. तिचा ढावलो मी म्हणत गेली, तिच्या जागी. मंग माहं येसूचं बी. पाच साल, पाच डाव. सायबाले सांगू नोको. माह्यासाठी प्रार्थना कर, त्यानं माफ कराव म्हणून.”

दरवर्षी त्या तारखेनंतरचं पहिलं प्रभुभोजन, मे महिन्यातल्या पहिल्या रविवारचं, ती घेत नसे. भाकर आणि प्याला तिच्यासमोर आला की शेजारणीकडे सरकवायची. मी पेटीवरून बघायचो. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. याडी, ते खोटं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं. पण शेजारच्या खाटेवरची बाई ऐकत होती, आणि मी मास्तर आहे.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. प्रभू, तुझ्या या दासीला तिच्या पापाची क्षमा कर. या शब्दांत केली. ती “आमेन” म्हणाली. मग मला म्हणाली, “आता हलकं वाटून राह्यलं.” दुसऱ्या दिवशी घंटा होत असताना गेली.

तू विचारलं होतंस, माझं नाव काढलं का. हे असं काढलं.

क्षमा मागत नाही. ती कशी मागायची असते ते मला येत नाही, फक्त दुसऱ्यासाठी मागता येते. क्रूस बसेल तेव्हा तिचं गाणं व्हायला हवं, आणि आंबेझरीत ते आता कोणाला पुरतं येत नाही. तुला येतं. माझ्यासाठी नको येऊस.

पुढच्या रविवारी मी हे मंडळीसमोर सांगणार आहे. तुझ्या वहिनीला काल सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या आईनं तेव्हा घरी जाताना विचारलं होतं, यांच्यात गाणं असतं ना, ते का नाही झालं?” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

खेमा

---

आंबेझरी
२७ एप्रिल १९६३

प्रिय हंसा,

आजची तारीख तुला सांगायला नको.

तू आलीस त्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही. ईस्टरच्या सकाळी पांढरकवड्याच्या मोटारीतून तू उतरलीस, जमनीचं बोट धरून, अंगावर फेट्या-कांचळी. मला वाटलं याडीच उतरली. मी पुढे झालो तर तू माझ्या बाजूनं निघून गेलीस.

मंडळीत मी सांगितलं तेव्हा तू नव्हतीस, म्हणून ते लिहितो. उभं राहून सगळं सांगितलं. मधे दोनदा खाली बसावंसं वाटलं, बसलो नाही. उकंडाजी रडत होते. साहेब यवतमाळहून मुद्दाम आले होते. ते म्हणाले, “म्हणजे घसा बरा होता.” त्यांना एवढंच बोलता आलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर ते सोपं गेलं असतं. पेटीवरून मला कोणी उठवलं नाही, मीच उठलो.

कबरेपाशी तू ढावलो सुरू केलास. आधी क्रूसाच्या गळ्यात पडलीस, दगडाच्या. मग काकीच्या, नायकणीच्या, तुझ्या वहिनीच्या, उकंडाजींच्या बायकोच्या. वहिनीला ती रीत माहीत नव्हती, तरी तिनं तुला असं धरलं की सोडेना. मी रांगेत शेवटी उभा होतो. भावाच्या गळ्यात पडायची ओळ असते ती मला माहीत आहे. तू ती ओळ गाळलीस आणि थेट याडीच्या गाण्यावर गेलीस. माझ्यासाठी एक बैल थांबव. तांड्यावरच्या बाया दुसऱ्या ओळीपासून तुझ्याबरोबर आल्या. मी तिथे उभा राहिलो. माझा वाटा नव्हता आणि तो नसणं बरोबर होतं, तरी पाय हलले नाहीत.

मग मोटार आली. तू चढलीस, परत उतरलीस, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. “भिया, तुनं तिले मरतानी बी नाही सांगतलं?”

पत्रात लिहिलं होतं, तरी तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी म्हटलं, “नाही.”

मी पुढे काही बोलायला गेलो, तर तू तुझा तळहात माझ्या तोंडावर ठेवलास. घट्ट. तुझ्या हाताला कबरेच्या मातीचा वास होता. सगळा मोटारस्टँड बघत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. हात काढून तू म्हणालीस, “जमनीचं लगन होईन तवा मामा म्हणून येजो. ते तुह्या गळ्यात पडून गाईन. तवा उभा राह्यजो. पळजो नोको.”

जमनी चार वर्षांची आहे. म्हणजे पंधरा वर्षं तरी.

आज सकाळी मी वावरात गेलो होतो, ज्या वावरात याडी जायची. गाता मला येत नाही. बांधावर बसून राहिलो. उन्हं तापली तसा घरी आलो. पुढच्या रविवारी, मे महिन्याच्या पहिल्या, प्रभुभोजन आहे. मी ते घेणार नाही. उकंडाजी म्हणतात, तू कबूल केलंस, आता घेऊ शकतोस. मी म्हटलं, पाच साल तिनं प्याला सरकवला, पाच साल मीही सरकवीन, मग बघू.

देवळात पेटी आता बंद असते. बाया याडीचं गाणं शिकून राहिल्या आहेत. तिसऱ्या ओळीला त्या श्वास तोडतात, तिथे तोडायचा नसतो असं मला अंधुक आठवतं, पण सांगायचा माझा अधिकार नाही. तू एकदा सांगून जाशील तर बरं होईल. सवडीनं ये. जमनीला आण.

आणि तिला ढावलो शिकवायला लागलीस की मला कळव. मी तिच्या लग्नात पहिल्या रांगेत, सगळ्यांना दिसेल असा उभा राहीन. ती तोंड उघडेल तेव्हा तिच्या तोंडाशी कोणाचाही हात जाणार नाही, एवढं मी बघीन.

तुझा भिया,
खेमा